आण्णांनी ओ दिली

मंगळवारी सकाळी सातला उत्कर्षानं सोसायटीच्या फाटकातून गाडी बाहेर काढली, तेव्हा आईला तिनं एवढंच सांगितलं होतं, "आण्णांचा चष्मा तिकडं राहिलाय. घेऊन येते." एका चष्म्यासाठी हडपसरहून पार पानशेतच्या पुढं जायचं, हे ऐकून एरवी चंद्रभागाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला असता. त्या दिवशी त्यांनी हूं की चूं केलं नाही. हातात ओली चादर घेऊन त्या दारात उभ्या होत्या. "ऊन उतरायच्या आत ये," एवढंच म्हणाल्या.

ती चादर त्यांनी नुकतीच आण्णांच्या पायांखालून काढली होती. दिवसातून तीनदा काढावी लागत होती.

झालं होतं ते असं. आदल्या आठवड्यातल्या सोमवारी ज्येष्ठ नागरिक संघाची सहल उंबरटेकला गेली होती. धरणाच्या फुगवट्याच्या काठावरचं शे-सव्वाशे उंबऱ्यांचं गाव. पायऱ्या पाण्यात उतरत गेलेलं महादेवाचं देऊळ, जुना दगडी पूल, होडीची फेरी, दुपारी पिठलं-भाकरी, आणि मावळता सूर्य बघून परत. उत्कर्षाचे वडील पोपटराव, म्हणजे आण्णा, अडुसष्ट वर्षांचा धडधाकट गडी. उभी हयात टेम्पोनं मार्केट यार्डात भाजीपाला पोचवण्यात गेलेली. जाताना बसमध्ये टाळ्या वाजवत, लोकांना हसवत गेले. परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत. घरी आले, न जेवता आडवे झाले, आणि दुसऱ्या दिवशी उठलेच नाहीत.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. रक्त ठीक, साखर ठीक, मेंदूचा फोटो स्वच्छ. डोळे उघडे असायचे, पण समोरच्या माणसाकडं ते भिंतीकडं बघावं तसे बघायचे. तोंडात चमचाभर पाणी घातलं तर ओठांच्या कोपऱ्यातून ओघळून जायचं. घरीच सलाइन लावलं होतं. आणि पाय... पाय गार. कितीही पुसले तरी ओले. बोटांची कातडी तासन्तास पाण्यात राहिल्यासारखी पांढरी, सुरकुतलेली. डॉक्टरांनी पाय पाहिले, पुन्हा पाहिले, आणि त्याबद्दल काहीच बोलले नाहीत. "उद्यापर्यंत वाट बघू. नाहीतर ॲडमिट करू," म्हणाले.

आणि काल संध्याकाळी फोन आला. उंबरटेकच्या चहावाल्या सुंदराबाईंचा. देवळाच्या पायऱ्यांवर एक चष्म्याची डबी सापडली होती, कुणाची ते ठाऊक नव्हतं, आत चिठ्ठीवर हा नंबर होता.

चष्मा कुरिअरनंही आला असता. पण उत्कर्षाला ती जागा बघायची होती. बायकांना चारचाकी शिकवण्यात तिची बारा वर्षं गेली होती. गाडी कुठं बिघडली ते घरी बसून कळत नसतं, जिथं बंद पडली तिथं जाऊन बोनेट उघडावं लागतं, हे तिला आण्णांनीच शिकवलं होतं.

सिंहगड रोडची गर्दी मागं पडली, खडकवासल्याचं पाणी उजवीकडं चमकून गेलं, आणि रस्ता वळणावळणाचा झाला. दहाच्या सुमारास ती उंबरटेकला पोचली. फेब्रुवारीचं कोवळं ऊन. पाणी इतकं निवांत की समोरचे डोंगर त्यात उलटे टांगल्यासारखे दिसत होते. वेशीवर ग्रामपंचायतीचा रंगीत फलक होता, 'गावातील प्रेक्षणीय स्थळे'. त्याखालीच सुंदराबाईंची टपरी.

सुंदराबाई साठीच्या, ठसठशीत कुंकू लावलेल्या. उत्कर्षानं नाव सांगताच त्या ओशाळं हसल्या. "तुमाला उगाच हेलपाटा पडला की ओ ताई. चष्मा सकाळीच नेला त्यांनी."

"कुणी?"

"काकांनी. तुमच्या वडलांनी. मला म्हाईत नव्हतं त्यांचाच हाय ते. सकाळी आले, डबीकडं बघून हात फुडं केला. म्हनलं, घ्या."

 "दुसरं कुणी असेल. माझे वडील घरी आहेत. आज नववा दिवस, अंथरुणातून उठलेले नाहीत."

सुंदराबाईंच्या हातातली गाळणी तशीच राहिली. चहा उतू जाऊन स्टोव्हवर चरचरला.

"पांढरा सदरा," त्या हळूच म्हणाल्या. "वर हातानं विणल्यालं चॉकलेटी स्वेटर. उजव्या भुवईवर खूण..."

स्वेटर आईनं विणलेला होता. भुवईवरची खूण टेम्पोचा मागचा फाळका लागून पडलेली. उत्कर्षानं मोबाइलमधला फोटो पुढं केला. सुंदराबाईंनी तो पाहिला आणि पदर तोंडाशी नेला.

"रोज येत्यात ओ. आठ दिस झाले. मला वाटलं, गावात कुणाकडं राह्यलेत. चहा मागत न्हाईत, नुसतं बाकड्यावर बसत्यात. मी आपली देते. पन पीत न्हाईत..." त्यांनी टपरीबाहेरच्या बाकड्याकडं बोट दाखवलं. काठोकाठ भरलेला कप तिथं होता. वर साय धरली होती. कपाशेजारची फळी ओली होती, माणूस बसेल एवढीच. खाली, जिथं पाय टेकतील तिथं, मातीत पाणी साचलं होतं.

"चेष्टा नगं करू ताई," सुंदराबाई म्हणाल्या. "खरं सांग, ते घरी हायत?"

"एवढं पेट्रोल जाळून मी चेष्टा करायला येत नाही, मावशी," उत्कर्षा म्हणाली.  "इथून उठून ते कुठं जातात, तेवढं सांगा."

सुंदराबाईंनी फलकाकडं पाहिलं. "सगळीकडं. सहलीची मानसं फिरत्यात तसंच. आदी पूल. मग टेकडी. मग होडी..."

उत्कर्षा पुलाकडं चालत निघाली. जुना दगडी पूल अर्धा पाण्यावर, अर्धा पाण्यात. गावातली कुणी बाई तिथं गोधडी धूत होती. "ते स्वेटरवालं काका? आत्ताच तर गेले की वर," ती मान वर न करता म्हणाली.

वर टेकडीवर 'आय लव्ह उंबरटेक' अशी मोठाली लाल अक्षरं उभी केलेली होती आणि त्यांच्यापुढं कोथरूडहून आलेलं एक तरुण जोडपं फोटो काढत होतं. आजूबाजूला झुडपंसुद्धा नव्हती, लपायला जागाच नाही. उत्कर्षानं विचारलं, तर मुलगी हसली. "ते अंकल ना? आमच्या प्रत्येक फोटोत येतायत. विकी त्यांना साइडला व्हा म्हणाला, तर ऐकूच आलं नाही त्यांना." तिनं मोबाइल पुढं केला.

फोटोत अक्षरांच्या मागं, कड्याच्या टोकाशी, पाठमोरे आण्णा उभे होते. खाली पाण्याकडं बघत. फोटोवरची वेळ चार मिनिटांपूर्वीची होती.

उत्कर्षा धावत टोकाशी गेली. कुणी नव्हतं. उन्हानं तापलेल्या कातळावर ओल्या अनवाणी पावलांची रांग होती. ती खाली उतरत गेली होती, होड्यांच्या धक्क्याकडं. तिनं वाकून एका ठशावर बोट ठेवलं. पाणी बर्फासारखं गार होतं, आणि एवढ्या उन्हात ते वाळत नव्हतं.

धक्क्यावर एकच होडी होती आणि तिचा मालक मच्छिंद्र जाळं नीट करत बसला होता. सुरकुतलेला, काटक म्हातारा. उत्कर्षानं फोटो दाखवताच त्यानं तो हातात घेतलाच नाही. लांबूनच पाहिला आणि जाळं खाली ठेवलं.

"यील कुनीतरी, असं वाटतच हुतं," तो म्हणाला. "बस पोरी."

"बसत नाही. त्या दिवशी काय झालं ते सांगा."

मच्छिंद्रनं पाण्याच्या मध्यभागी हात केला. "जुनं गाव तितं खाली हाय. धरन झालं तवा बुडालं. होडी तितं गेली की मी बोलत न्हाई, गिऱ्हाइकालाबी बोलू देत न्हाई. तुझं वडील कडंला बसलं हुतं, पाय पान्यात सोडून. मी म्हनलं, काका, पाय वर घ्या. तर म्हनले, थांबा जरा... कुनीतरी माजं नाव घेतंय." तो थांबला. जणू पाणी ऐकत असावं, तसा त्याचा आवाज खाली गेला. "आमी कान झाकून घेतो ओ. लहानपनापासनं शिकवल्यालं असतं. त्यांना कोन सांगनार? ... त्यांनी ओ दिली."

"मग?"

"मग काय न्हाई. होडी काठाला लागली. सगळी उतरली, तीबी उतरली. पन जो ओ देतो, त्यो घरी जात न्हाई पोरी. घरी जातं ते नुसतं..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. "माजा थोरला भाऊ. बारा दिस घरात पडून हुता. आनि तितं देवळाच्या पायऱ्यांवर बसल्याला दिसायचा. रोज एक पायरी खाली. बाराव्या दिशी घरात त्यो गेला, आनि तितनंबी दिसायचा बंद झाला."

"त्याला आणायला कुणी गेलं नाही?"

मच्छिंद्रनं तिच्याकडं पाहिलं. डोळे लाल झाले होते. "आमी भ्यालो," तो म्हणाला. "सख्खा भाऊ हुता. मी हितं, या जागी उभा हुतो. हाक मारायला तोंड उघडलं न्हाई."

उत्कर्षानं ओढणी कमरेला बांधली. "आत्ता कुठं असतील?"

"बारा वाजता देवळाच्या पायऱ्यांवर असत्यात. पोरी, नगं जाऊस. आनि गेलीसच तर पान्यात बघू नगंस."

देऊळ गावापासून बाजूला होतं. ती पोचली तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता आणि सावल्या पायांखाली गोळा झाल्या होत्या. लांब कुठं तरी कुत्रं भुंकत होतं, तेही थांबलं. वारा पडला. पाण्यावर एक तरंग नव्हता. गाभाऱ्याला कुलूप होतं, आणि दगडी पायऱ्या एकाखाली एक उतरत हिरव्या पाण्यात शिरल्या होत्या. ओल्या चुन्याचा, शेवाळाचा, बंद विहिरीसारखा वास येत होता.

शेवटच्या कोरड्या पायरीवर आण्णा बसले होते.

पाठमोरे. चॉकलेटी स्वेटर, मानेवर वाढलेले पांढरे केस. घोट्यांपर्यंत पाय पाण्यात.  मागं वळून गाडीपर्यंत पळत सुटावं, असं उत्कर्षाच्या अंगातला कण न् कण म्हणत होता. ती एक पायरी उतरली. मग दुसरी. सगळ्या उतरून ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली, लहानपणी टेम्पोच्या केबिनमध्ये बसायची तशी, खांद्याला खांदा लावून. स्वेटरमधून गारवा आला.

"आण्णा."

ते खाली बघत राहिले. चष्मा डोळ्यांवर होता आणि त्याच्या काचांत पाणी हलत होतं, समोरचं पाणी स्थिर असूनही.

"आण्णा, मी आलेय."

"हाक मारतायत गं," ते म्हणाले. आवाज त्यांचाच, पण खोल रांजणातून यावा तसा. "किती वेळ... मारतायत."

"मीही मारतेय. माझं आधी ऐका."

"त्यांचं कुणी येतच नाही म्हणतात..."

बघायचं नाही म्हणता म्हणता तिची नजर खाली गेली. पाण्याखाली पायऱ्या आणखी खाली उतरत गेल्या होत्या, एक, दोन, पाच, सात... आणि त्या रिकाम्या नव्हत्या. कुणी कुणी बसलं होतं. वर तोंड करून. उत्कर्षानं डोळे उचलले आणि समोरच्या डोंगरावर खिळवले. दातावर दात घट्ट आवळले.

पहिल्यांदा स्टिअरिंग धरलेल्या बायका भररस्त्यात घाबरून थिजतात, हे तिनं शेकडो वेळा पाहिलं होतं. अशा वेळी त्यांना धीर देऊन भागत नाही, एकेक गोष्ट करायला सांगावी लागते. तिनं आण्णांचा हात हातात घेतला. भिजलेल्या गोणपाटासारखा जड होता.

"समोर बघा," ती म्हणाली. तिचा शिकवतानाचा आवाज. "खाली नाही. समोर. हं. आता डावा पाय. डावा पाय वर घ्या."

काहीच झालं नाही.

"डावा पाय, आण्णा. घाई नाही. मी शेजारी बसलेय."

खूप वेळानं पाणी डुचमळलं. डावा पाय वरच्या पायरीवर आला.

"शाब्बास. आता उजवा."

उजवा येईना. खालून कुणीतरी धरल्यासारखा तो पाण्यातच राहिला. उत्कर्षानं दोन्ही हातांनी त्यांचा दंड धरला, टाच दगडात रोवली आणि सगळा जीव लावून ओढलं. "माझा बाप आहे हा," ती पाण्याकडं न बघता ओरडली. "सोडा त्यांना!" देवळाच्या भिंतीवरून तिचाच आवाज परत आला. आणि पाय सुटला.

ती वर चढू लागली. हातात हात होता, शेजारी पावलं वाजत होती. ती अखंड बोलत राहिली, "चला. चला आता घरी. खूप झालं. चला सगळं सोडून. चला..." अकराव्या पायरीवर हातातलं वजन हलकं झालं. वर पोचून तिनं बाजूला पाहिलं तर शेजारी कुणी नव्हतं. फक्त चष्मा दगडावर पडला होता, आणि तिच्या पावलांच्या बरोबरीनं ओल्या पावलांचे ठसे उमटत होते. तिनं चष्मा उचलला आणि चालत राहिली. ठसे तिच्याबरोबर गाडीपर्यंत आले.

तिनं पुढचं दार उघडलं. "बसा." सीट किंचित दबली. ती फिरून आपल्या जागी बसली, गाडी सुरू केली, आणि सीटबेल्टची घंटी टुंग टुंग वाजू लागली, शेजारच्या रिकाम्या सीटसाठी. माणूस बसल्याशिवाय ती वाजत नाही. उत्कर्षानं हात लांबवून पट्टा ओढला आणि अडकवला. घंटी थांबली. त्या शांततेत तिला पहिल्यांदा रडू आलं. ते पुसून तिनं गिअर टाकला.

वाटेत तिनं आईला फोन लावला आणि चालूच ठेवला. पानशेतचा फाटा आला तेव्हा आई म्हणाली, "अगं, पापण्या हलवतायत." खडकवासल्याला, "मान वळवली बघ माझ्याकडं." उत्कर्षा मधेमधे शेजारी बोलत होती, "आण्णा, वडगाव आलं. आण्णा, आता स्वारगेट." गाडी मात्र प्रत्येक चढाला दमत होती. पाच माणसं भरली की रखडते, तशी. तिनं तिकडं लक्ष दिलं नाही, नजर रस्त्यावर ठेवली. हडपसरच्या पुलाखाली अचानक शेजारची सीट हलकी झाली, आणि फोनमधून आई किंचाळली, "उठून बसले गं! पाणी मागतायत!"

ती धावत जिना चढली. दार उघडंच होतं. आण्णा कॉटवर उशीला टेकून बसले होते. तोंडावर आठ दिवसांची खुंटं, गाल बसलेले, पण डोळ्यांत ते स्वतः होते. उत्कर्षानं पांघरूण बाजूला करून पाय हातात घेतले. कोरडे. ऊबदार. तिनं त्यांच्यावर कपाळ टेकलं.

"दमलीस ना पोरी," आण्णा तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाले. "ओरडलीस किती त्या पायऱ्यांवर. असं ओरडतात होय क्लासमध्ये? एक बाई टिकायची नाही."

ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम. चंद्रभागाबाई स्वयंपाकघरात भांड्यांचा आनंदानं आवाज करत होत्या. वरणाला फोडणी पडली. नऊ दिवसांनी घरात खमंग वास सुटला. खिडकीतून उतरतं ऊन येत होतं, खाली रिक्षा वाजत होत्या, सगळं पुन्हा जागच्या जागी बसलं होतं.

"चहा टाकलाय गं," आईनं आतून विचारलं. "त्या बाई घेतील ना?"

"कोण बाई?"

"तुझ्याबरोबर आल्यात त्या. तुझ्या पाठोपाठच आत आल्या की. मी या म्हटलं, तर काही बोलल्या नाहीत, सरळ न्हाणीघरात गेल्या पाय धुवायला."

आण्णांचा हात तिच्या डोक्यावर थांबला. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं, आणि मग दोघांनाही तो ऐकू आला. बंद दाराआडून येणारा, तांब्यानं पायांवर पाणी ओतल्याचा आवाज. सावकाश. एकामागून एक. थांबतच नव्हता.

उत्कर्षानं आण्णांचे पाय पांघरुणात गुंडाळले. "तुम्ही कशालाही ओ द्यायची नाही," ती हलक्या आवाजात म्हणाली. मग उठली, आई बाहेर येऊ नये म्हणून स्वयंपाकघराच्या दाराला बाहेरून कडी घातली, आणि न्हाणीघरापुढं जाऊन उभी राहिली.

दाराच्या फटीखालून हिरवं पाणी बाहेर येत होतं. आत तांब्या खाली ठेवल्याचा आवाज झाला. आणि कुणीतरी, अगदी मऊ, ओळखीच्या माणसासारखं, तिचं नाव घेतलं.